रोज वाचायचं पवित्र शास्त्र कुठे बांधून घ्यावं: विजापूर वेशीतलं चाचांचं दुकान

घरातलं जुनं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, खिळखिळं झालंय, पानं निसटतायत, पण ते कपाटात ठेवून द्यायला मन धजत नाही आणि रोज वाचायलाच हवंय, असं ज्यांचं असेल त्यांनी सोलापुरात विजापूर वेशीच्या आतल्या बोळात बाइंडिंगवाल्या चाचांकडे जावं. दुकानावर पाटी नाही. वेशीतून आत शिरून कुणालाही "वह्या बांधणारे चाचा" विचारा, बोट दाखवतील. एका माणसाला बसता येईल एवढंच दुकान, पुढे फळी, फळीवर लोखंडी दाब, मागे पुठ्ठ्यांची थप्पी. काम मात्र असं की मी ते हातात घेऊन दिव्याखाली नेऊन टाके बघत बसले.

मी घरी शाळेचे गणवेश शिवते. त्यामुळे टाका कसा पडलाय, दोरा किती ओढलाय, कापड कुठे ताणलं जाईल हे माझ्या नजरेला आधी दिसतं. चाचांच्या कामाबद्दल लिहिताना त्याच नजरेने लिहितेय.

आमचं पवित्र शास्त्र मामंजींचं. मोठ्या टाइपाचं, त्यामुळे जाडजूड आणि जड. मामंजी गिरणीत होते. त्यांच्या वेळी घरची प्रार्थना गिरणीच्या भोंग्यावर चालायची. पहाटेचा भोंगा झाला की स्तोत्र, मग चहा, मग पाळी. वेळ कुणी ठरवायची गरजच नव्हती, सगळ्या गावाची वेळ तीच. आता भोंगा नाही. मिस्टर चिंचोळी एमआयडीसीत शिफ्टला जातात, मुलांच्या क्लासच्या वेळा वेगळ्या, माझं काम ऑर्डर येईल तसं. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, तेही कधी पहाटे तर कधी रात्री जेवणं झाल्यावर. अशा घरात रोजची प्रार्थना रोजची राहावी म्हणून तिला कशाचा तरी आधार लागतो.

तो आधार आम्हाला आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी दिला. त्यांनी स्तोत्रसंहितेचा, म्हणजे शास्त्रातल्या स्तोत्रांच्या पुस्तकाचा, महिन्याचा तक्ता काढून दिला. १५० स्तोत्रं, ३० दिवस, सकाळची वेगळी आणि संध्याकाळची वेगळी. एक तारखेला सकाळी १ ते ५, संध्याकाळी ६ ते ८, असं करत तीस तारखेच्या संध्याकाळी १४७ ते १५०. ही वाटणी फार जुनी आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठासाठी सगळी स्तोत्रं एका आठवड्यात संपतील अशी मांडणी केली होती. मठातल्या माणसांना ते जमतं. १५४९ साली आर्चबिशप क्रॅन्मरने इंग्लंडच्या मंडळीसाठी, म्हणजे तिथल्या चर्चसाठी, प्रार्थनेचं पुस्तक केलं, तेव्हा तीच स्तोत्रं महिनाभरात बसवली, म्हणजे शेतकऱ्याला, दुकानदारालाही पेलतील अशी. आमचं घराणं अमेरिकन मराठी मिशनच्या वळणाचं. आमच्यात प्रार्थना मनाने, आपल्या शब्दांत करायची रीत. छापील तक्ते वगैरे नव्हते. पण १९७० साली नागपूरला सहा मंडळ्या एकत्र येऊन सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली, त्यात अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या मंडळीच्या वळणाची, मंडळीही होती. त्यांची शिदोरी आपोआपच आपलीही झाली, असं पाळकसाहेब म्हणतात, आणि मला ते मनापासून पटतं.

तक्ता मिळाला, पण पुस्तक साथ देईना. रोज दोनदा उघडायचं म्हटल्यावर आधीच सैल झालेली शिवण आणखी सुटली. सुटली तीही नेमकी स्तोत्रसंहितेतली, कारण मामंजींचा हात सगळ्यात जास्त तिथेच फिरलेला. शिवाय ते उघडं राहत नसे. दोन्ही हातांनी धरून बसावं लागे आणि दोन्ही हात रिकामे असलेली वेळ माझ्या दिवसात फार थोडी.

आधी दुसऱ्या एका ठिकाणी दाखवलं होतं. तिथे म्हणाले, कणा कापून गम लावून देतो, तासात मिळेल. म्हणजे शिवण नाहीच, नुसता गम. असली बांधणी सोलापूरच्या उन्हाळ्यात टिकत नाही. गम कडक होतो, तडकतो आणि पानं एकेक करून हातात येतात. तासाभराच्या कामाची घाई मला नव्हती.

चाचांनी पुस्तक हातात घेतलं ते आधी हात धुवून. पहिल्यांदा कण्याकडून बघितलं, मग एक फर्मा, म्हणजे घडी घालून एकत्र शिवलेल्या पानांचा जुडगा, उचलून त्याच्या मधल्या घडीवर नख फिरवलं. म्हणाले, "कागद लई पातळ आहे ओ ताई, पण मेलेला नाही. जुजबंदी होईल." म्हणजे फर्मा-फर्मा शिवून बांधणी. मग विचारलं, "वाचतं कोण? किती वाचता? बसून का काम करता करता?" पुस्तक बांधायला देताना कुणी असं विचारेल अशी माझी कल्पना नव्हती. मी तक्ता दाखवला. त्यांनी तो नीट वाचला आणि म्हणाले, "मग हे एवढं जाड रोज कशाला उचलता? कुराणशरीफचे तीस पारे आम्ही सुटे सुटे बांधतो की. घरात खत्म, म्हणजे पुऱ्या कुराणाचं वाचन, असलं की एकेक जण एकेक पारा घेऊन बसतो. तुम्ही पण भाग करा. रोजचा भाग हातात, बाकी कपाटात."

सासूबाई सोबत होत्या. त्यांचा चेहराच उतरला. "देवाचं वचन कापायचं?" त्यांनी मला विचारलं, पण चाचांना ऐकू गेलं. ते म्हणाले, "कापत नाही ओ आई. टाके उसवतो. फर्मा आहे तसाच राहतो, एक अक्षर इकडचं तिकडं होणार नाही." आणि त्यांनी जुन्या शिवणीचा एक तुटका दोरा चिमटीत धरून हलकेच ओढून दाखवला. फर्मा अलगद सुटला, पान एकही दुखावलं नाही. सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, मी आधी प्रार्थना करते, मग द्या. तिथेच फळीशी उभं राहून त्यांनी प्रार्थना केली. चाचांनी तोवर हातातलं काम खाली ठेवलं होतं.

चार भाग ठरले. उत्पत्तीपासून ईयोबापर्यंत एक; स्तोत्रसंहिता आणि नीतिसूत्रांचा दुसरा; पुढे मलाखीपर्यंत तिसरा; नवा करार चौथा. इथे एक बारकावा सांगते, कारण भाग करून घेणाऱ्या प्रत्येकाला तो भेटणार. पुस्तक फर्म्यांनी शिवलेलं असतं आणि फर्मा काही पुस्तकाच्या शेवटाशी संपत नाही. आमच्या प्रतीत स्तोत्रसंहिता एका फर्म्याच्या मध्यावर सुरू होते. त्याच फर्म्यात आधी ईयोबाचे शेवटचे अध्याय. चाचा म्हणाले, पानं सुटी करून कागदाची पट्टी लावून जोडता येतील, पण जोडलेली पानं आधी निघतील. फर्मा पुरा ठेवला तर मजबूत. मी पुरा ठेवायला सांगितला. म्हणून आमच्या स्तोत्रांच्या भागाच्या तोंडाशी ईयोबाचा शेवट आहे, जिथे वावटळीतून परमेश्वर ईयोबाशी बोलतो आणि ईयोब हात तोंडावर ठेवतो. तक्ता ३० दिवसांचा. एकतीस तारखेला जुन्या रिवाजाप्रमाणे तीस तारखेचीच स्तोत्रं पुन्हा म्हणतात. आम्ही त्या दिवशी ईयोबाची ती पानं वाचतो. तिथून उठून एक तारखेला पहिलं स्तोत्र सुरू करताना जे वाटतं ते मला फार मोलाचं आहे.

आता कामाबद्दल. प्रत्येक फर्मा मधल्या घडीतून शिवलेला, दोरा मेण लावलेला. मागे कापडाची पट्टी, त्यावर खळ. खळ ते स्वतः मैद्याची करतात आणि वाळवी-झुरळ लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालतात. कणा पुठ्ठ्याला चिकटवून टाकलेला नाही, मधे पोकळी ठेवलीय; त्यामुळे पुस्तक कुठेही उघडा, सपाट पडतं आणि पडून राहतं. या एका गोष्टीसाठी मी दुकानाला पैकीच्या पैकी मार्क देईन. कडा कापू नका असं मी सांगितलं होतं, कारण समासात मामंजींच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. एकही खूण कापली गेलेली नाही. रेक्झिन गडद मरून, दोन फिती: सकाळची पांढरी, संध्याकाळची निळी. स्तोत्रांच्या भागाला शेवटी खातेवहीच्या कागदाचा एक कोरा फर्मा शिवून मागितला होता, तोही दिला. त्यावर शाईचं पेन चालतं, मागे उमटत नाही.

उणं काय? वेळ. आठवड्याचा वायदा होता, त्याच्या कितीतरी पुढे काम गेलं. मार्च महिना होता, व्यापाऱ्यांच्या वह्या आणि कॉलेजच्या मुलांचे प्रबंध यांची रांग लागलेली. फोन केला की "होतंय ओ ताई" एवढंच उत्तर. तोवर स्तोत्रं मोबाइलवर वाचली. दुसरं म्हणजे सोनेरी अक्षरांचा ठसा ते स्वतः मारत नाहीत, बाहेर पाठवतात. तिथून पहिल्यांदा "स्त्रोतसंहिता" असं छापून आलं. चाचांनी मी बोलायच्या आतच ते पाहिलं होतं. पुठ्ठा नवा लावून, ठसा परत मारून घेतला, जादा पैसे घेतले नाहीत. तरी तुम्ही काय छापायचं ते कागदावर सुवाच्य लिहून द्या. चार भागांचे मिळून ९०० रुपये झाले, निम्मे आधी. शिवणीच्या बांधणीला हे महाग नाही.

बांधून आल्यावर दिवस कसा चालतो ते लिहायलाच हवं, कारण त्यासाठीच तर हे सगळं केलं.

सकाळी डबे भरायच्या आधी ओट्याशेजारी दुसरा भाग उघडा असतो. कणीक मळताना हात गुंतलेले, पण पान जागचं हलत नाही, म्हणून मोठ्याने वाचता येतं. त्याच भागात नीतिसूत्रं आहेत. त्यांचे अध्याय ३१, म्हणजे महिन्याच्या तारखेला एक. ते मुलांकडे. धाकटा बूट घालता घालता त्या तारखेच्या अध्यायातल्या दोन ओळी वाचतो. त्याला रोज एखादी तरी आवडते आणि कधीकधी तो ती दिवसभर बहिणीला ऐकवतो.

दुपारी मशीनच्या पाटीवर पुस्तक नसतं, तिथे कापड असतं. बाराच्या सुमाराला मशीन थांबवते आणि प्रभूची प्रार्थना म्हणते, बस्स. शेजारच्या यंत्रमागाचा खडखडाट चालूच असतो. पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती लोकांनाही ही प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणायला शिकवलं जायचं, जुन्या करारातला दानीएलही दिवसातून तीनदा गुडघे टेकायचा. मधली वेळ सगळ्यात आधी सुटते असा माझा अनुभव आहे. म्हणून ती सगळ्यात लहान ठेवलीय.

संध्याकाळी घरची उपासना. 'उपासना संगीत' या आमच्या गीतांच्या पुस्तकातलं एक गीत, बहुतेक वेळा रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन, कारण सासूबाईंना ती सगळी पाठ आहेत आणि टाळ त्याच धरतात. मग संध्याकाळचं स्तोत्र आणि चौथ्या भागातून नव्या कराराचा एक अध्याय. नव्या करारात २६० अध्याय आहेत. सोमवार ते शुक्रवार रोज एक धरला तर ५२ आठवड्यांत, बरोबर वर्षात पुरा होतो. शनिवार-रविवार मोकळे. शनिवारी पाहुणे येतात, रविवारी चर्चमध्ये वाचन ऐकायला मिळतंच. मिस्टर सेकंड शिफ्टला असले की आम्ही त्यांच्याशिवाय बसतो आणि ते तोच अध्याय बसमध्ये मोबाइलवर ऐकतात. घरी आले की त्यावरच बोलणं होतं, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पुढ्यात घेऊन.

रात्री झोपायच्या आधी कोऱ्या पानांवर दोन-तीन ओळी. आज देव कुठे भेटला, आज माझ्याकडून कुणाचं मन दुखावलं, उद्या कुणासाठी प्रार्थना करायची. येशूसंघ स्थापन करणाऱ्या संत इग्नाशियसने सोळाव्या शतकात आपल्या लोकांना दिवसाची अशी उजळणी दोनदा करायला सांगितली होती, दुपारी आणि रात्री. माझी एकदाच होते.

तारखेवर वाचायचा एक गुण मी सगळ्यांना सांगत असते. एखादा दिवस गेला तर मागचं भरून काढायचं नाही. आज बारा तारीख, तर बाराची स्तोत्रं. थकबाकी नाही. वर्षभरात सगळं शास्त्र वाचायच्या तक्त्यात रोज साधारण सव्वातीन अध्याय येतात, कारण एकूण अध्याय ११८९. आठ दिवस आजारी पडलं की पंचवीस-तीस अध्यायांचं ओझं होतं आणि बहुतेक जण तिथेच सोडतात. आमच्या महिला मंडळातल्या कितीतरी जणींचं लेवीय या तिसऱ्याच पुस्तकात असंच थांबलंय. स्तोत्रांचा महिना दर एक तारखेला पुन्हा दार उघडतो.

दुसरा गुण यापेक्षा मोठा. स्तोत्र आपण निवडत नाही. सतरा तारखेला सकाळी ८८वं येतं, जे अंधारातच संपतं, सांत्वनाची एक ओळसुद्धा नाही. त्या दिवशी आपल्या घरी वाढदिवस असला तरी ते म्हणायचं. सुरुवातीला मला ते जड जायचं. आता त्या सकाळी मी सिव्हिल हॉस्पिटलच्या वॉर्डात रात्र काढलेल्या माणसांसाठी ते म्हणते, ज्यांना स्वतःला शब्द सुचत नसतील. चार तारखेच्या संध्याकाळी २२वं आणि २३वं एकापाठोपाठ येतात, आधी येशूने वधस्तंभावर मारलेली हाक आणि लगेच मेंढपाळ. मी २३वं लहानपणापासून पाठ म्हणत आलेय, पण २२व्याच्या मागून म्हटल्यावर त्या दरीतला अंधार मला खरा वाटू लागला.

पाण्याच्या दिवशी मात्र तक्ता आहे तसा होत नाही. पाणी आलं की घरातलं प्रत्येक भांडं भरायचं. त्या दिवसासाठी ११७वं पाठ केलंय, दोनच ओव्यांचं, सगळ्यात लहान. मोटार चालू असताना तेवढं म्हणते. पंधरा तारखेच्या संध्याकाळी ७८वं, ७२ ओव्यांचं, तेव्हा गणवेशाच्या हंगामात आम्ही ते वाटून घेतो, प्रत्येकाने एक पान. चोवीस ते सव्वीस तारखांत ११९वं पसरलेलं आहे, १७६ ओव्या, आठ-आठ ओव्यांची २२ कडवी. ते कंटाळवाणं आहे असं लोक म्हणतात. सपाट पडलेल्या पुस्तकातून, हाताने काजं-बटणं करत ते सावकाश म्हणून बघा.

चार भागांची सोय सगळ्यांना होईल असं नाही. संदर्भ जुळवत अभ्यास करणाऱ्यांना, उपदेश तयार करणाऱ्यांना एकच जाड ग्रंथ बरा. त्यांनी भाग न करता नुसती शिवण करून घ्यावी, चाचा तेही उत्तम करतात. रविवारी चर्चला मी फक्त नवा करार नेते. जुन्या करारातलं वाचन असलं की शेजारणीच्या पुस्तकात बघते. सासूबाईंना अजूनही ते रुचत नाही, पूर्ण शास्त्र हातात हवं असं त्यांचं म्हणणं आहे, आणि त्यांच्यासाठी वेगळी प्रत आहे.

जाणार असाल तर फेब्रुवारी-मार्च टाळा. शुक्रवारी दुपारी दुकान बंद असतं. पुस्तक कापडात बांधून न्या, पिशवीत कोंबून नको. द्यायच्या आधी सुटी पानं क्रमाने लावून, हरवलेली पानं कोणती ते चिठ्ठीवर लिहा. कडा कापायच्या नाहीत हे तोंडी सांगा आणि चिठ्ठीवरही लिहा. कोरा फर्मा हवा असेल तर कागद खातेवहीचाच मागा. फिती दोन मागा. सध्या आमच्या मंडळीतली गीतांची जुनी पुस्तकं चाचांकडेच दिली आहेत, कणे सगळ्यांचेच गेले होते. नाताळच्या आधी मिळतील असं ते म्हणालेत, मी नोव्हेंबरपासूनच फोन करायला लागेन.